धार किती, कुठे आणि कुणी लावायची

२४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याने काढलेला एक रंगीत फोटो म्हणजे ७ कोटी २० लाख आकडे. प्रत्येक पिक्सेलमागे तीन: लाल किती, हिरवा किती, निळा किती. यांतले कॅमेऱ्याने खरोखर मोजलेले आकडे असतात २ कोटी ४० लाख. उरलेले ४ कोटी ८० लाख आकडे कुठल्या तरी सॉफ्टवेअरने शेजारच्या आकड्यांकडे पाहून अंदाजाने भरलेले असतात. फोटो थोडा मऊ का दिसतो, तो शार्प कसा करायचा आणि त्यातलं किती काम यंत्रावर सोपवायचं, हे सगळे प्रश्न या हिशेबापासून सुरू होतात.

सेन्सरवरच्या बिंदूला रंग कळत नाही. आपल्यावर किती प्रकाश पडला एवढंच तो मोजतो. कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बेयर यांनी १९७५ साली यावरच्या एका तोडग्याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९७६ मध्ये ते त्यांना मिळालं. प्रत्येक बिंदूवर एकाच रंगाची अतिबारीक गाळणी बसवायची. चार बिंदूंच्या दर चौकोनात दोन हिरव्या, एक लाल, एक निळी. हिरव्याला दुप्पट जागा, कारण उजेडातले बारीक चढउतार माणसाच्या डोळ्याला हिरव्याच्या आसपास सर्वांत चांगले कळतात. थोडक्यात, सेन्सरवर ठिपक्यांची रांगोळी काढलेली असते. प्रत्येक ठिपक्याला एकच रंग, आणि बाकीचं भरण्याचं काम दुसऱ्याच्या हातावर सोडलेलं. मोबाइलपासून लाखो रुपयांच्या कॅमेऱ्यापर्यंत बहुतेक ठिकाणी आजही हाच नमुना आहे. फुजीफिल्मने २०१२ साली सहा बाय सहाची निराळी मांडणी आणली, पण तिथेही एका बिंदूला रंग एकच.

हे भरण्याचं काम करताना कडा बोथट होतात. काळ्याभोर फांदीमागे पांढरं आकाश असेल, तर सीमेवरच्या बिंदूला आपला नसलेला रंग दोन्हीकडच्या शेजाऱ्यांकडून उसना घ्यावा लागतो, आणि मग तो धड काळा राहत नाही, धड पांढरा होत नाही. त्यातच अनेक कॅमेऱ्यांत सेन्सरच्या पुढे प्रकाश मुद्दाम किंचित पसरवणारी आणखी एक गाळणी असते. ती नसेल तर कापडाच्या बारीक विणीवर, खिडकीच्या जाळीवर नसलेले रंगीत पट्टे उमटतात. निकॉनने २०१२ साली ३६ मेगापिक्सेलचा एकच कॅमेरा दोन रूपांत विकायला काढला, डी-८०० आणि डी-८००ई. दुसऱ्यात या गाळणीचा परिणाम पुसून टाकलेला होता. कडांचा थोडा तजेला हवा की रंगीत पट्ट्यांपासून सुटका, हे गिऱ्हाइकाने ठरवायचं.

म्हणजे रॉ फाइल, सेन्सरचे आकडे जसेच्या तसे ठेवणारी, मऊ असते त्यात फोटोग्राफरचा दोष नाही. फोकस अचूक असला, हात स्थिर असला तरी ती मऊच असणार. आणि एका कॅमेऱ्यापुरता हा मऊपणा दर फोटोत जवळपास सारखाच असतो. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण यंत्राकडे काय द्यायचं याचं उत्तर तिच्यात आहे.

रॉ फाइल पहिल्यांदा उघडणाऱ्याची हमखास निराशा होते. कॅमेऱ्याच्या पडद्यावर झळाळणारा फोटो संगणकावर येताच मलूल झालेला असतो. पडद्यावर दिसत होता तो रॉ नव्हताच. कॅमेरा रॉ फाइलच्या पोटात एक छोटा जेपेग बनवून ठेवतो आणि आपल्याला तोच दाखवतो. कॅमेऱ्यावरचा हिस्टोग्रामसुद्धा सहसा त्या जेपेगचाच. रॉमध्ये असतात ते मोजमापाचे कोरडे आकडे. सेन्सरवर दुप्पट प्रकाश पडला की आकडा दुप्पट होतो, बाकी काही नाही. १४ बिटच्या फाइलमध्ये प्रत्येक बिंदूला १६,३८४ पायऱ्या मिळतात, पण त्यातल्या ८,१९२ एकट्या सर्वांत उजळ स्टॉपमध्ये (प्रकाश निम्मा होण्याचा एक टप्पा म्हणजे एक स्टॉप) खर्च होतात. त्याखालच्या स्टॉपला ४,०९६, पुढे २,०४८. पाचव्या स्टॉपपर्यंत उतरलो की हातात ५१२ उरतात. अंडरएक्सपोज झालेला फोटो नंतर उजळवला की सावल्यांत खरखर दिसते, त्याचं एक कारण हे. दुसरं कारण प्रकाशाच्या स्वभावातच आहे. प्रकाश कणाकणाने येतो आणि त्यातली अनिश्चितता कणांच्या संख्येच्या वर्गमुळाइतकी असते. एका बिंदूवर १०,००० कण पडले तर चढउतार १०० कणांचा, म्हणजे १ टक्का. १०० कणच पडले तर चढउतार १० कणांचा, म्हणजे १० टक्के. हा नॉइज शार्पनिंगच्या वेळी पुन्हा आडवा येणार आहे.

जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला फक्त २५६ पायऱ्या असतात आणि व्हाइट बॅलन्स आत मुरलेला असतो. हळदीच्या कार्यक्रमात सगळीकडे पिवळंच पिवळं दिसतं, कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स चकतो आणि नवरीचा चेहरा निळसर पडतो, तेव्हा जेपेग सावरायला फार कमी जागा उरते. रॉमध्ये व्हाइट बॅलन्स म्हणजे लाल आणि निळ्या आकड्यांना कितीने गुणायचं एवढा निर्णय. तो महिन्यानंतरही बदलता येतो.

डेव्ह कॉफिन या प्रोग्रामरने १९९७ पासून डीसीरॉ नावाचा प्रोग्राम लिहायला घेतला आणि तो सर्वांसाठी खुला ठेवला. प्रत्येक कंपनीच्या रॉ फाइलची बांधणी वेगळी आणि बहुधा गुपित. ती एकेक करून उलगडण्याचं काम त्यांनी वर्षानुवर्षं केलं. रॉ उघडणाऱ्या कितीतरी सॉफ्टवेअरांनी पुढे त्यांच्या कामाचा आधार घेतला. फोटोशॉपच्या दोन जनकांपैकी एक असलेल्या थॉमस नोल यांनी लिहिलेलं कॅमेरा रॉ २००३ साली आलं, लाइटरूम २००७ मध्ये. पैसे न मोजता वापरता येणारी रॉथेरपी आणि डार्कटेबल हीसुद्धा आज पक्की, भरवशाची साधनं आहेत. नवशिक्याने महागड्या वर्गणीपासूनच सुरुवात केली पाहिजे असं अजिबात नाही, हे मी आग्रहाने सांगेन.

या सगळ्यांचं एक तत्त्व सारखं आहे: मूळ रॉला हात लावायचा नाही. आपण स्लायडर सरकवतो तेव्हा सॉफ्टवेअर फक्त सूचना लिहून ठेवतं. उजेड इतका वाढव, सावल्या इतक्या उघड, धार इतकी लाव. या सूचना बहुतेक वेळा रॉच्या शेजारी एका छोट्या मजकूर-फाइलमध्ये किंवा कॅटलॉगमध्ये राहतात. रूपांतर म्हणजे त्या सूचना रॉवर चालवून नवी फाइल काढणं. मूळ शाबूत राहतं, म्हणूनच त्याला साक्षीदाराचं मोल येतं. वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत शेवटच्या फेऱ्यांत पोचलेल्यांकडून मूळ फाइली मागून तपासल्या जातात. २०१५ साली या तपासणीनंतर उपांत्य फेरीतली सुमारे २० टक्के छायाचित्रं बाद झाली.

सूचना फोटोपासून अलग असल्यामुळेच त्या एका फोटोवरून उचलून हजार फोटोंवर ठेवता येतात. पण ते कसं करावं हे पाहण्याआधी शार्पनिंग म्हणजे नेमकं काय होतं ते आकड्यांत पाहू.

एका गडद भागाला लागून एक उजळ भाग आहे. कड ओलांडताना पिक्सेलचे आकडे असे आहेत: ६०, ६०, ९०, १५०, १८०, १८०. कड बोथट आहे. ६० वरून १८० वर जाताना मध्ये दोन पायऱ्या आल्या. आता याच ओळीची मुद्दाम धूसर प्रत काढू. प्रत्येक आकड्याच्या जागी तो आणि त्याचे दोन शेजारी यांची सरासरी लिहायची. मधले चार आकडे होतात ७०, १००, १४०, १७०. मूळ आकड्यांतून हे वजा केले की राहतात उणे १०, उणे १०, अधिक १०, अधिक १०. ही वजाबाकी मूळ आकड्यांत मिळवली की ओळ अशी होते: ६०, ५०, ८०, १६०, १९०, १८०. मधली उडी ६० होती, ती ८० झाली. डोळ्याला कड लख्ख वाटते. पण आणखी एक घडलं. कडेच्या गडद बाजूला ५० आला, जो मूळ दृश्यात कुठेच नव्हता, आणि उजळ बाजूला १९० आला, तोही नव्हता. म्हणजे कडेच्या अलीकडे एक जास्त काळी रेघ आणि पलीकडे एक जास्त पांढरी रेघ. या रेघेलाच हेलो म्हणतात. शार्पनिंगने नवा तपशील मिळत नाही. हेलोच्या जोरावर डोळ्याला तपशील जाणवतो.

डोळा याला इतक्या सहज भुलतो, कारण तो स्वतः असंच काहीतरी करत असतो. अर्न्स्ट माख या शास्त्रज्ञाने १८६० च्या दशकात दाखवलं की गडद आणि उजळ पट्टे जिथे मिळतात तिथे आपल्याला गडद बाजू जास्त गडद आणि उजळ बाजू जास्त उजळ दिसते, कागदावर तसं काहीही नसताना. डार्करूमच्या काळातही ही युक्ती वापरात होती. निगेटिव्हची एक फिकी, धूसर पॉझिटिव्ह प्रत काढायची, दोन्ही एकमेकांवर चपखल बसवायच्या आणि त्यांतून प्रिंट काढायची. फोटोशॉपमधल्या 'अनशार्प मास्क'चं विचित्र नाव तिथूनच आलं आहे. मास्क धूसर असतो, परिणाम धारदार.

अनशार्प मास्कच्या खिडकीत तीन आकडे असतात. अमाउंट म्हणजे वजाबाकी कितीपट मिळवायची. वरच्या उदाहरणात ती १०० टक्के होती. २०० केली तर ५० च्या जागी ४० येईल आणि १९० च्या जागी २००. रेडियस म्हणजे धूसर प्रत किती धूसर, आणि पर्यायाने हेलो किती रुंद. थ्रेशोल्ड म्हणजे फरक किती लहान असेल तर तो सोडून द्यायचा. तिघांत सर्वांत जपून वापरावा तो रेडियस. अमाउंट चुकला तर फोटो करकरीत दिसतो, पण रेडियस चुकला तर माणसाच्या डोक्याभोवती प्रभावळ उमटते आणि ती नंतर काढता येत नाही.

१९९० च्या दशकात आणि त्यानंतरही बरीच वर्षं शार्पनिंगबद्दल एकच सल्ला दिला जाई: सगळ्यात शेवटी, एकदाच करा. ब्रूस फ्रेझर यांनी तो मोडीत काढला. मूळचे स्कॉटलंडचे फ्रेझर सॅन फ्रान्सिस्कोत स्थायिक झाले होते आणि रंगव्यवस्थापनावरचं त्यांचं लेखन छपाईच्या धंद्यातले लोक प्रमाण मानत. त्यांनी प्रश्न असा मांडला: धार आपण नेमकी कशाची भरपाई म्हणून लावतो? कारणं तीन आहेत आणि तिन्ही निरनिराळी आहेत. पहिलं, सेन्सर आणि रूपांतराने आणलेला मऊपणा. दुसरं, फोटोग्राफरची इच्छा. डोळे लख्ख हवेत, पाठीमागची झाडी नको. तिसरं, फोटो जिथे दिसणार ते माध्यम. शाई कागदात पसरते, पडदा पिक्सेल दाखवतो. कारणं तीन, तर शार्पनिंगही तीनदा, प्रत्येक वेळी थोडं थोडं आणि वेगळ्या हिशेबाने. सहकाऱ्यांबरोबर त्यांनी फोटोशॉपमध्ये चालणारं एक साधन बनवलं आणि २००६ मध्ये या विषयावर पुस्तक लिहिलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ते गेले. त्यांच्या गटाचं काम लाइटरूममध्ये आलं: पहिला टप्पा २००७ मध्ये, तिसरा २००८ मध्ये. आज लाखो लोक एक्स्पोर्ट करताना 'स्क्रीन', 'मॅट', 'ग्लॉसी' यांतलं एक निवडतात, तेव्हा ते फ्रेझर यांचंच बोट धरून चालत असतात.

या विभागणीत मला एक मोठी सोय दिसते. पहिला टप्पा कॅमेऱ्यावर अवलंबून आहे, तिसरा कागदावर किंवा पडद्यावर. दोन्ही मोजता येतात, फोटोगणिक बदलत नाहीत, म्हणून बिनदिक्कत यंत्राकडे देता येतात. मधला टप्पा मात्र त्या फोटोत काय आहे यावर अवलंबून आहे. सगळं एका बटणावर टाकणाऱ्यांचे फोटो एकाच साच्यातले दिसतात ते हा मधला टप्पाही यंत्राला देऊन टाकल्यामुळे. आणि काहीच यंत्रावर न सोपवणारे हजार फोटोंत बुडून जातात. फोटोमागे दोन मिनिटं धरली तरी हजार फोटोंना ३३ तास होतात.

भिगवणचं उदाहरण घेऊ. हिवाळ्यात उजनी धरणाच्या फुगवट्यावर रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. पहाटे नावेतून गेलेला माणूस सेकंदाला दहा फ्रेम घेणाऱ्या कॅमेऱ्याने एका सकाळी हजारभर रॉ सहज घेऊन येतो. त्यातले निम्मे धुक्यातल्या उजेडात, जास्त आयएसओवर. प्रत्येक फ्रेममध्ये तीन प्रकारची जागा आहे: पिसं आणि डोळा, जिथे बारीक तपशील आहे, पाण्यावरच्या लाटा, ज्या मऊच शोभतात, आणि सपाट आकाश, जिथे तपशील काहीच नाही, आहे तो फक्त नॉइज. शार्पनिंगला तपशील आणि नॉइज यांतला फरक कळत नाही. त्याच्या लेखी दोन्ही म्हणजे शेजारच्या आकड्यांतला फरक. म्हणून आधी नॉइज कमी करायचा, मग धार, आणि धार फक्त कडांवर.

कॅमेरा रॉ आणि लाइटरूममध्ये यासाठी मास्किंग नावाचा स्लायडर आहे. ऑल्ट कळ दाबून तो सरकवला की फोटो काळापांढरा होतो. जिथे पांढरं तिथे धार लागणार, जिथे काळं तिथे नाही. आकाश पूर्ण काळं होईपर्यंत आणि पिसं पांढरी राहतील इतपतच तो न्यावा. पिसांसारख्या बारीक पोतासाठी रेडियस एकच्या खाली, ०.७ च्या आसपास. माणसाच्या चेहऱ्यासाठी उलट, रेडियस थोडा जास्त आणि मास्किंग भरपूर, म्हणजे पापण्या उठतात आणि त्वचेची रंध्रं उठत नाहीत. हे एकदा ठरवलं की त्याचा प्रीसेट बनवायचा. एका आयएसओसाठी एक, जास्त आयएसओसाठी दुसरा. लाइटरूमला सांगून ठेवलं तर आयात करतानाच तो फोटोच्या आयएसओप्रमाणे नॉइज आणि धार बसवतो. रॉथेरपीत २०२० पासून 'कॅप्चर शार्पनिंग' आहे. ते रॉ पाहून रेडियस स्वतःच काढतं. त्यामागची रिचर्डसन आणि लूसी यांची गणिती पद्धत १९७० च्या दशकातली आहे. १९९० साली अवकाशात गेलेल्या हबल दुर्बिणीचा आरसा सदोष निघाला, तेव्हा १९९३ च्या दुरुस्तीपर्यंत तिच्या धूसर चित्रांवर हीच पद्धत चालवली गेली. ताऱ्याचा ठिपका कसा पसरतो हे माहीत असेल तर पसरणं काही अंशी उलटं फिरवता येतं. इथे हेलोवर भिस्त नसते, पसरलेला प्रकाश माघारी नेला जातो. पहिल्या टप्प्यासाठी याहून योग्य साधन मला माहीत नाही.

आता फोटोशॉपची ॲक्शन. १९९६ च्या चौथ्या आवृत्तीपासून ही सोय आहे. नोंदणी सुरू करायची, कामाच्या पायऱ्या एकदा करायच्या, नोंदणी थांबवायची. पुढे त्याच पायऱ्या शंभर फोटोंवर आपोआप. माझ्या मते चांगल्या शार्पनिंग ॲक्शनचा क्रम असा असावा. रूपांतरित फोटो उघडला की आधी लेअरची प्रत काढायची. तिचा ब्लेंड मोड ल्युमिनॉसिटी करायचा, म्हणजे धार फक्त उजेडावर लागते आणि कडांना रंगीत किनार येत नाही. मग शार्पनिंग. मग लेअर स्टाइलमधल्या 'ब्लेंड इफ'च्या पट्ट्यांनी अगदी पांढऱ्या आणि अगदी काळ्या भागांतून परिणाम हळूहळू काढून घ्यायचा, म्हणजे हेलो शुभ्र रेघेपर्यंत पोचत नाही. शेवटी त्या लेअरला पूर्ण काळा मास्क लावून थांबायचं. इथपर्यंत यंत्र. पुढे पांढरा ब्रश घेऊन रोहिताचा डोळा, चोचीचं टोक, पिसांची कड एवढंच आपण रंगवायचं.

ॲक्शनच्या प्रत्येक पायरीशेजारी एक लहान चौकोन असतो, आणि खिडकी उघडणाऱ्या पायरीशेजारचा चौकोन चालू केला की ॲक्शन तिथे थांबते, ती खिडकी उघडून आपल्याला आकडा विचारते आणि उत्तर मिळाल्यावर पुढे निघते. ही सोय फार थोडे लोक वापरतात. स्वयंचलित काम म्हणजे डोळे मिटून सोडून दिलेलं काम, ही समजूत हा चौकोन पुसून टाकतो. शंभर फोटोंवर सारख्या असलेल्या नऊ पायऱ्या यंत्राने कराव्यात आणि दहावीवर त्याने आपल्याला विचारावं, यापेक्षा चांगली वाटणी कोणती?

ॲक्शन प्रत्येक पायरी जशीच्या तशी नोंदते, हे तिचं बळ आणि हाच तिचा धोका. नोंदणी करताना फोटोची रुंदी २,००० पिक्सेल केली असेल, तर आडवा फोटो २,००० बाय १,३३३ होतो आणि उभा २,००० बाय ३,००० राहतो. त्याऐवजी ऑटोमेटमधलं 'फिट इमेज' नोंदवावं. ते फोटो आडवा असो वा उभा, चौकटीत बसवतं. सेव्ह करताना फाइलचं नाव टाइप केलं तर तेही नोंदलं जातं, आणि मग बॅचमधला प्रत्येक फोटो त्याच नावावर लिहिला जाऊन शेवटी एकच उरतो. बॅचच्या खिडकीत ॲक्शनमधलं 'सेव्ह ॲज' दुर्लक्षित करून बॅचचं नाव आणि फोल्डर वापरण्याची खूण असते. ती करावी आणि आउटपुटचं फोल्डर कायम वेगळं ठेवावं. रेडियस पिक्सेलमध्ये नोंदला जातो, त्यामुळे २४ मेगापिक्सेलसाठी बसवलेली ॲक्शन ४५ मेगापिक्सेलच्या फोटोवर कमी पडते. ज्यांना नोंदणीची कटकट नको त्यांच्यासाठी स्क्रिप्ट्समध्ये 'इमेज प्रोसेसर' आहे. फोल्डर दाखवायचं, आकार आणि फाइलचा प्रकार सांगायचा, हवी तर एखादी ॲक्शन जोडायची.

गेल्या काही वर्षांत या साखळीच्या सुरुवातीला एक नवा पाहुणा आला आहे. अडोबीने एप्रिल २०२३ मध्ये आणलेलं डिनॉइज रंग भरण्याचं आणि नॉइज काढण्याचं काम एकत्र करतं, तेही असंख्य उदाहरणांवर शिकवलेल्या न्यूरल नेटवर्ककडून. धुक्यातल्या, जास्त आयएसओच्या फ्रेममध्ये त्याचा परिणाम थक्क करणारा असतो. ते नेहमी सगळ्यात आधी वापरावं, धारेनंतर नाही. पण जिथे सेन्सरकडे पुरेशी माहितीच नाही, तिथे अशी साधनं शिकलेल्या उदाहरणांशी जुळणारं काहीतरी भरतात. भिंतीवर टांगायच्या फोटोत ते चालेल. पक्ष्याची जात ओळखायची असेल, पिसांवरच्या रेषा मोजायच्या असतील, तर मूळ रॉ उघडूनच पाहावं आणि तो कधीही पुसू नये.

राहिला तिसरा टप्पा, आणि तो आकार बदलल्यानंतरच करायचा. ६,००० पिक्सेल रुंद फोटोवर लावलेली धार तो २,००० पिक्सेलचा करताना तिपटीने आक्रसते, म्हणजे बरीचशी वाया जाते. मग किती लावायची? याचं उत्तर पाहणाऱ्याच्या अंतरात आहे. निरोगी डोळ्याला साधारण एका अंशाच्या ६० व्या भागापर्यंतचा तपशील वेगळा दिसतो. ३० सेंटिमीटरवर हे ०.०८७ मिलिमीटर होतं, आणि इंचाला ३०० पिक्सेल या छपाईच्या मापात एक पिक्सेल असतो ०.०८५ मिलिमीटरचा. लग्नाच्या अल्बमचं १२ बाय ३६ इंचाचं पान मांडीवर घेऊन पाहतात, तिथे हे माप लागू पडतं. दोन-तीन पिक्सेलचा हेलो डोळ्यात विरघळून जातो आणि फक्त लख्खपणा उरतो. चौकातला फ्लेक्स २० फुटांवरून पाहतात. तिथे डोळ्याला पावणेदोन मिलिमीटरच्या आतलं काही वेगळं दिसतच नाही, त्यामुळे संगणकावर जवळून भयंकर वाटणारा जाड हेलोच तिथे कामाला येतो. फ्लेक्सची फाइल पडद्यावर १०० टक्क्यांवर पाहून नाकारणाऱ्याने ती आधी खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून पाहावी.

कागदाचं गणित यात आणखी मिसळतं. ग्लॉसी कागदावर शाई जागच्या जागी राहते, मॅटवर किंचित पसरते, वर्तमानपत्राच्या कागदावर बरीच. दिवाळी अंकाचं गुळगुळीत मुखपृष्ठ आणि आतलं साधं पान यांना म्हणूनच एकाच फोटोच्या दोन फाइली लागतात, धार वेगळी असलेल्या. कुठल्या कागदाला किती धार, हा आकडा कुठल्याही पुस्तकात छापलेला मिळत नाही, पण एका सकाळीत काढता येतो. ज्या आकारात फोटो छापायचा त्याच आकाराच्या फाइलमधून एक अरुंद पट्टी कापावी, जिच्यात केस, कापड, चेहरा आणि आकाश चारही असतील. तिच्या पाच प्रती करून अमाउंट अनुक्रमे ०, ५०, १००, १५०, २०० ठेवावा, प्रत्येकीवर आकडा लिहावा आणि पाचही पट्ट्या एकाच पानावर, त्याच लॅबमध्ये किंवा छापखान्यात, त्याच कागदावर छापून घ्याव्यात. पान हातात आल्यावर खिडकीपाशी नेहमीच्या अंतरावर धरून पाहावं. हेलो दिसू लागतो ती पट्टी शोधावी आणि तिच्या अलीकडच्या पट्टीवरचा आकडा त्या कागदाच्या ॲक्शनमध्ये नोंदवावा. ॲक्शनला कागदाचं आणि आकाराचं नाव द्यावं. कागद बदलला की पट्ट्या पुन्हा छापाव्यात.